पागेकाकू आणि रुळांचे सांधे

पागेकाकूंचा आवाज मी आधी ऐकला, त्या दिसल्या नंतर. जुनी इंदूर भागातल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, म्हणून मी बघायला गेले होते. दार उघडंच होतं. आतून एक खणखणीत आवाज आला, "अहो, तुमचा बोगदा पुसून झाला. आता मी भाजी फोडणीला टाकायला जाऊ का?"

त्यावर एका पुरुषाचा शांत आवाज म्हणाला, "पूल राहिलाय, सुशीला."

मला वाटलं, मी चुकीच्या घरी आले. आत डोकावले तर पुढची सगळी खोली रेल्वेने भरलेली. तीन भिंतींना लागून कमरेच्या उंचीवर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे डोंगर, डोंगरांत दोन बोगदे, मध्ये दरीवर एक पूल, दोन चिमुकली स्टेशनं आणि या सगळ्यांतून वळणं घेत जाणारे बोटभर रुंदीचे रूळ. एक साठी उलटलेली, ठेंगणी, गोरी बाई पावडर लावायच्या ब्रशने त्या पुलावरची धूळ झटकत होती. मला पाहून तिने ब्रश थांबवला नाही.

"खोली बघायला आलीस का? बैस. ही माझी सवत. अठरा फूट लांब आहे. रोज आंघोळ घालावी लागते."

त्या घरात मी पुढे सात वर्षं राहिले.

पागेकाकांची सगळी नोकरी रेल्वेत, महूच्या सिग्नल ऑफिसात झाली होती. महूहून घाट उतरून पातालपानी, कालाकुंडकडे जाणारी छोटी लाईन म्हणजे त्यांचं दैवत. तिथे मोठी लाईन टाकायचं ठरलं आणि जुने रूळ उचलले जाऊ लागले, तेव्हा काकांनी तक्रार केली नाही. घरी आले, पुढच्या खोलीतला सोफा विकायला काढला आणि तो घाट भिंतीला लावून बांधायला घेतला. भाच्याने परदेशातून रूळ आणले, डबे आणले. बाकी डोंगर, झाडं, स्टेशनवरची पाण्याची टाकी, सगळं काकांच्या हातचं.

काकूंकडे एकच खातं होतं, धूळ. रोज संध्याकाळी पाच वाजता काका गाडी सोडायचे. ती बोगद्यातून निघायची, वळण घ्यायची आणि पुलावर बरोबर एका जागी येऊन थबकायची. काका म्हणायचे, "सुशीला, पुलावर धूळ आहे." काकू पदर खोचून यायच्या, ब्रश फिरवायच्या. काका इंजिनाला बोटाने हळूच ढकलायचे, गाडी पुढे जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी वरून उतरताना हे इतक्या वेळा ऐकलं होतं की ते ऐकल्याशिवाय मलासुद्धा संध्याकाळ झाली असं वाटत नसे.

काकू मुलींच्या शाळेत शिवणकामाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊनही तोंडात टाचण्या धरल्यासारखं ओठ मिटून बोलायची सवय गेली नव्हती. समोर कुणीही आलं की आधी त्याच्या कपड्याची शिवण बघायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कुर्त्याची बाही उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "कुणी शिवला गं हा? त्या शिवणाऱ्या भियाला सांग, शिवायच्या आधी उसवायला शिक."

"उसवायला?"

"मग! शिवायला कुणीही शिकतं. मी परीक्षेत पोरींना उसवायला द्यायचे. एक शिवलेलं पोलकं द्यायचं, ते सगळं मोकळं करून आणायचं. कापडाला भोक पडलं की नापास. पालक भांडायला यायचे. मी म्हणायचे, आईच्या लग्नाची साडी हिच्या हातात देणार का तुम्ही? नाही ना? मग मी पास कशी करू?"

त्या बोलायच्या तशाच वागायच्या. दुधाची पिशवी त्या कधी दाताने फाडत नसत. कात्रीने एक कोपरा कापायच्या. लग्नाच्या भेटवस्तूंचा कागद चिकटपट्टी नखाने सोडवून, घडी घालून ठेवायच्या. एकदा माझ्या साखळीला पडलेली गाठ सोडवायला त्यांनी दोन दुपारी घालवल्या. मी म्हटलं, "काकू, सोनाराकडे देते ना." तर म्हणाल्या, "तो कापेल. त्याला वेळ नाही. मला आहे."

एका थंडीच्या सकाळी काका दूध घेऊन आले, खुर्चीत बसले आणि गेले. पिशवी अजून हातातच होती.

तेरा दिवस माणसांनी घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी मी कामावर निघाले तेव्हा काकू ब्रश घेऊन बोगदा पुसत होत्या. मी थांबले, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सवय गं. हात जातो." गाडी मात्र त्यांनी सोडली नाही. वर्षभर ते इंजिन स्टेशनात तसंच उभं होतं, धूळ मात्र एक कण नव्हती.

मग आमच्या गल्लीचा रस्ता रुंद करायचं ठरलं. नगर निगमची, म्हणजे महापालिकेची माणसं आली, फीत धरली आणि भिंतीवर लाल रंगाची रेघ मारून गेली. रेघेच्या पुढचं सगळं तुटणार होतं, म्हणजे पुढची खोली पूर्ण. मागच्या दोन खोल्या, जिना आणि माझ्या वरच्या खोल्यांतली एक, एवढं राहणार होतं. मुदत होती तीन आठवड्यांची.

काकूंचा मुलगा नितीन बंगलोरला असतो. त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काकूंना फोन स्पीकरवर ठेवूनच बोलता यायचं.

"आई, एवढं कुठे ठेवणार आहेस तू? व्हिडिओ काढून ठेव ना नीट. सगळ्या बाजूंनी. मग देऊन टाक कुणाला तरी."

"हूं," काकू म्हणाल्या.

"बाबांच्या ओळखीचे भोपाळचे ते सक्सेनाजी आहेत, त्यांना पाठवतो. त्यांना हौस आहे याची. ते नेतील."

"हूं."

सक्सेनाजी आले. माणूस भला होता, पण घाईत होता. खोलीभर फिरून म्हणाले, "माताजी, दो घंटे का काम है. चार जगह कटर मारेंगे, चार टुकड़े, टेंपो में डाल देंगे."

"रूळ कापणार?"

"जोड़ खोलने बैठे तो महीना लगेगा."

दाखवायला म्हणून त्यांनी स्टेशनजवळचा एक तुकडा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. कट् कट् कट् आवाज झाला. रूळ खालच्या आडव्या प्लास्टिकच्या स्लीपरांमधून उखडून वर आला, वाकला, आणि ज्या बारीक पकडींत तो बसलेला असतो त्यातल्या सात तुटून काकूंच्या पायाशी पडल्या. "इतना तो चलता है," सक्सेनाजी म्हणाले.

काकूंनी वाकून ते सातही कण वेचले. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "भाईसाब, आप चाय पियो और आराम से भोपाल जाओ. ये मैं खोलूंगी."

चहा त्यांनी खरोखरच चांगला केला. सोबत शेवही दिली.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. त्या दिवशी संध्याकाळी परत आले, तर काकू शिवणाच्या मशीनवर तो वाकलेला तुकडा घेऊन बसलेल्या. चष्म्यावर आणखी एक भिंग दोऱ्याने बांधलेलं.

"वैशाली, इकडे ये. हे बघ, काय करून ठेवलंय यांनी. मतलब, कसं जोडलंय ते बघ."

मी तोवर ते कधी नीट पाहिलं नव्हतं. प्रत्येक रुळाला खाली पायासारखी एक पसरट कड असते. दोन रूळ एकमेकांना भिडतात तिथे त्या कडांवर एक इवलीशी धातूची पट्टी चढवलेली असते, दोन्ही बाजूंनी दुमडलेली, नखाच्या निम्मीही नाही. अर्धी या रुळावर, अर्धी त्या रुळावर. खऱ्या लाईनवर रूळ जोडणारी फिशप्लेट असते तिचं हे बाळ. तिला जॉइनर म्हणतात. तीच दोन रुळांना धरून ठेवते आणि तिच्यातूनच वीज पुढे जाते. काकांच्या अठरा फुटांत, दोन्ही बाजू धरून, असे एकशे बारा सांधे होते. काकूंनी ते मोजले होते.

पहिले चार दिवस त्यांनी मूळ लाईनला हातच लावला नाही. फक्त त्या बिघडलेल्या तुकड्यावर सराव. पकडीने जॉइनर ओढला, तो चेंबला. दुसरा फिरवून काढला, तर फाकला. तिसऱ्याला काढताना रुळाच्या टोकाला खरवड आली. काकांच्या सुट्या साठ्यातले अकरा जॉइनर त्यांनी वाया घालवले आणि ते अकराही जीरावन मसाल्याच्या रिकाम्या डबीत जपून ठेवले, "काय करायचं नाही ते लक्षात राहायला."

मी लॅबमधला एक जुना बारीक चिमटा त्यांना आणून दिला. सियागंजच्या बाजारात जाऊन त्यांनी एका हार्डवेअरवाल्याकडून सगळ्यांत छोटा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्याच्याकडूनच तिथल्या तिथे दगडावर पेचकसाची धार बोथट करून घेतली. तो म्हणाला, "माताजी, लोग धार लगवाने आते हैं." काकू म्हणाल्या, "मेरे को काटना नहीं है, ढकेलना है."

तोवर त्यांना उमगलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी मी लॅबला निघाले असताना त्यांनी जिन्यातच मला अडवलं. तोंडावर असा आनंद की मला वाटलं नितीन येतोय.

"रुळाला ओढायचंच नाही गं! रूळ धरून ठेवायचा, जागचा हलू द्यायचा नाही. पट्टीला ढकलायचं. सरळ, रुळाच्या रेषेत. ती सगळीच्या सगळी एका रुळावर सरकली की दुसरा मोकळा. आपोआप. कुणी कुणाला ओढायला नको."

मग त्यांनी खोलीत नेऊन करून दाखवलं. आधी सांध्याखालचे दोन सैल स्लीपर चिमट्याने बाजूला काढले. जॉइनरच्या तोंडाशी मशीनच्या तेलाचा एक थेंब ठेवला आणि पोळ्या करायला निघून गेल्या. "त्याला आत शिरू दे. उभं राहून बघितल्याने लवकर शिरत नाही." परत येऊन रुळाला मऊ कापड गुंडाळलं, डाव्या हातातल्या पकडीने तो घट्ट धरला, उजव्या हाताने पेचकसाचं बोथट तोंड जॉइनरच्या कडेला टेकवलं आणि श्वास रोखून दाबलं. जॉइनर केसभर सरकला. मग आणखी केसभर. मग सगळा. काकूंनी पलीकडचा तुकडा दोन बोटांनी उचलला, तो पोळपाटावरून पोळी उचलावी तसा अलगद वर आला. त्यांनी रुळाच्या टोकावरून नख फिरवलं. कुठे अडकलं नाही.

"पास," त्या म्हणाल्या.

रुळांखाली काकांनी खडी म्हणून बारीक वाळू गोंदाने चिकटवली होती. ती सोडवायला काकू कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून फवारायच्या आणि वाट बघायच्या. वाट बघण्याचं त्यांना काहीच वाटत नसे. दिवसाला आठ सांधे, कधी दहा. प्रत्येक तुकड्याखाली त्या कापडी पट्टी शिवायच्या, तिच्यावर नंबर भरतकामाच्या दोऱ्याने काढलेला. मी म्हटलं, "काकू, पेनाने लिहा ना." म्हणाल्या, "पेन पुसतं."

पण मुदत पुसत नव्हती. तीन आठवड्यांतले दोन संपले तेव्हा निम्मे सांधे झाले होते. एका सकाळी निगमचे इन्स्पेक्टर आले, चौहान नावाचे, मिशीवाले, हातात फाईल. सोमवारी मशीन येणार, रूम खाली करा, हे सांगायला ते आले होते. काकू डोंगरामागे वाकलेल्या होत्या.

"एक मिनट भिया," त्या आतूनच म्हणाल्या, "अभी छोड़ा तो टेढ़ा हो जाएगा."

चौहान उभे राहिले. मग नकळत पुढे आले. मग स्टूल ओढून बसले. काकूंनी तो जॉइनर पूर्ण सरकवला.

"ये कालाकुंड है?" चौहानांनी विचारलं. "हमारे मामा वहीं थे. हम छुट्टियों में इसी गाड़ी से जाते थे. यहाँ, इस मोड़ पे, बंदर चढ़ते थे."

"मोड़ पे नहीं, पुल के बाद," काकू म्हणाल्या. "हमारे ये तो रोज बोलते थे."

चौहानांनी वाकून तो पूल बघितला. उठताना फाईल उघडली, मिटली. "तारीख तो मेरे हाथ में नहीं है, माताजी. लेकिन गली के किस सिरे से काम शुरू करना है, वो मेरे हाथ में है. उधर से शुरू करवाता हूँ. आप तक आते-आते शुक्रवार हो जाएगा."

ते गेल्यावर काकू म्हणाल्या, "शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली होती. घरात कुणीतरी नीट आहे."

रविवारी फक्त पूल राहिला होता. पुलावरचे चार सांधे काकांनी झाळून, म्हणजे सोल्डर करून पक्के केले होते, तिथे नुसतं ढकलून भागणार नव्हतं. मी लॅबमधल्या एका सहकाऱ्याची झाळायची सळी मागून आणली. काकूंनी सांध्याच्या दोन्ही बाजूंना रुळांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, म्हणजे आच तिथेच थांबेल आणि प्लास्टिकचे स्लीपर वितळणार नाहीत. ठरलं असं, मी सळी जॉइनरला टेकवायची, झाळ चकाकली की "हां" म्हणायचं, आणि त्याच क्षणी काकूंनी ढकलायचं.

पहिला निघाला. दुसऱ्याला काकूंचं बोट भाजलं. त्या फक्त "च्" म्हणाल्या आणि बोट कानाच्या पाळीला लावलं. तिसऱ्याला मी "हां" म्हटलं, काकूंनी दाब दिला, आणि जॉइनर एकदम, काहीच अडथळा नसल्यासारखा सरकून निघून गेला. काकू पुढे तोल जाता जाता सावरल्या.

"असं कसं झालं?" त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. खूप वेळ त्या वाकून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वैशाली, बघ."

मी बघितलं. पलीकडचा रूळ जॉइनरच्या आत गेलेलाच नव्हता. तो जॉइनरच्या डोक्यावर बसला होता. वरून झाळ पडल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यामुळे तिथे रूळ कागदाएवढा उंच होता, आणि रोज पाच वाजता इंजिनाचं चाक तिथे येऊन अडखळायचं.

"नऊ वर्षं," काकू म्हणाल्या. "नऊ वर्षं हा माणूस मला म्हणत राहिला, सुशीला, पुलावर धूळ आहे!"

त्या हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून, मग पुलाचा कठडा धरून. "स्वतः चुकीचं जोडून ठेवलं आणि मी मेली ब्रश मारून राहिले! सणासुदीला, ताप असताना, नितीनच्या लग्नाच्या आदल्या दिवशी!" मीही हसत होते. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की त्या आता हसत नाहीयेत. काका गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तेरा दिवसांतही नाही. त्या दिवशी त्या पुलापाशी उभ्या राहून मनसोक्त रडल्या, पदर तोंडाला न लावता. मी सळीचा प्लग काढून बाजूला बसून राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी चष्मा पुसला. "लाव ती सळी. चौथा राहिलाय."

शुक्रवारी मशीन आलं तेव्हा पुढची खोली रिकामी होती. भिंत पडताना काकू बघायला थांबल्या नाहीत. मागच्या खोलीत बसून जॉइनर मोजत होत्या. सरावात गेलेले सोडले, तर एकही चेंबला नव्हता.

आता प्रश्न होता, ठेवायचं कुठे. मागे एक झोपायची खोली आणि एक स्वयंपाकघर, बस. महिनाभर तुकडे पलंगावर काकांच्या बाजूला रचलेले होते. मग एक दिवस मी खाली गेले, तर काकू जमिनीवर खडूने रेघा मारत होत्या. रेघ कपाटामागून निघून पलंगाखालून जात होती, दाराच्या कोपऱ्यातून स्वयंपाकघरात शिरत होती आणि फ्रीजला वळसा घालून परत येत होती.

"बोगदा करायलाच नको," त्या म्हणाल्या. "पलंग आहे."

नितीन दिवाळीला आला तेव्हा काकूंनी त्याला सुट्टीतले चार दिवस जमिनीवर बसवलं. तो आधी जरा अवघडला होता. व्हिडिओ काढून सगळं देऊन टाक म्हणालेला मुलगा तो; त्यालाही ते आठवत असणार. काकूंनी विषय काढला नाही. सक्सेनाजींनी बिघडवलेला तुकडा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आधी यावर. काढ आणि घाल. मला पास वाटलं की मग खऱ्या लाईनला हात लाव." नितीन एवढ्या मोठ्या कंपनीत काम करतो; तीनदा नापास झाला. चौथ्यांदा त्याने जॉइनर सरकवला, रूळ आत घातला, आणि काकूंनी सांगायच्या आधीच स्वतः सांध्यावरून नख फिरवून पाहिलं. काकूंनी पूल त्याच्याकडे दिला.

भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, पावणेदोन वर्षांनी, त्यांनी गाडी सोडली. ती कपाटामागून निघाली, पलंगाखाली गडप झाली, बाहेर आली, पुलावर चढली आणि न थांबता पलीकडे गेली. आम्ही तिघंही गुडघ्यांवर होतो.

नितीन म्हणाला, "बाबांना दाखवायला हवं होतं."

"दाखवलं असतं तर म्हणाले असते, आज धूळ नीट पुसलीस," काकू म्हणाल्या.

ही गोष्ट कशी पसरली कोण जाणे, बहुधा सक्सेनाजींनीच सांगितली असणार, मनाने मोठा माणूस. पण हळूहळू लोक काकूंकडे रूळ घेऊन येऊ लागले. कुणाच्या वडिलांचा खेळ माळ्यावर सापडलेला, कुणाला घर बदलायचं असलेलं. महूहून एक निवृत्त कर्नल आले. त्यांच्या मुलीच्या लहानपणीचे रूळ ट्रंकेत ओल लागून गंजले होते, जॉइनर जागीच धरून बसले होते. मुलगी आता तिच्या लेकीला घेऊन येणार होती, त्याआधी ते मोकळे करून हवे होते.

"मी करून देणार नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही करा. मी बघते."

कर्नलसाहेबांनी आपला उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता, थांबत नव्हता. "इससे?" त्यांनी विचारलं.

"मनगट टेबलावर टेका. पूरा वजन डालो. हात टेबलाचा झाला की हलणार कुठे?"

एक जॉइनर निघायला पाऊण तास लागला. काकूंनी मधे एकदाही हात पुढे केला नाही. त्या तेल सोडत होत्या, भिंग धरत होत्या आणि "हौ, हौ, बस" एवढंच म्हणत होत्या. तो सुटला तेव्हा कर्नलसाहेबांनी तळहातावर घेऊन तो बराच वेळ पाहिला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि आपली टोपी आमच्याकडेच विसरून गेले. ती घ्यायला म्हणून बुधवारी आले, आणि मग दर बुधवारी येत राहिले. नात आली तेव्हा तिला घेऊन आले.

काकू गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. आजार असा काही नव्हता, चार दिवसांचा ताप. मी तेव्हा भोपाळला बदलून आले होते. नितीनने घर विकायचं ठरवलं, आणि या वेळी त्याने बारा दिवसांची रजा काढली. एकटाच पलंगाखाली शिरून बसायचा. मधे मला एकदा त्याचा फोन आला, "वैशालीताई, त्या पुलाच्या झाळलेल्या सांध्यांना आईने कापूस कुठे ठेवला होता?" मी सांगितलं. सगळी लाईन आता बंगलोरला आहे. एकही रूळ कापावा लागला नाही, असं त्याने मुद्दाम कळवलं.

मला मात्र काकू आठवतात त्या मी इंदूर सोडलं त्या सकाळच्या. सामान गेलं होतं, रिक्षा दारात उभी होती. मी निरोप घ्यायला खाली गेले, तर खोलीत कुणी नाही. मग पलंगाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तळव्यांना खडूची पूड लागलेली.

"काकू?"

"आले गं. एक सांधा मोकळा करून राहिले. इथून नवा फाटा काढायचाय, अंगणापर्यंत. कर्नलसाहेबांनी त्यांचे उरलेले रूळ दिलेत."

मी थांबले. पलंगाखाली बारीकसं काहीतरी खुडखुडत होतं. रिक्षावाल्याने एकदा हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा.

"काकू, गाडीची वेळ होतेय."

"मग नीघ. माझ्यासाठी गाडी चुकवू नको. मी हे आता सोडलं तर वाकेल."

नेहमी नमस्कार करायला गेलं की त्या पाय मागे घ्यायच्या. त्या दिवशी त्यांना ते शक्य नव्हतं. मी वाकून त्या दोन पायांना हात लावला. ते क्षणभर स्तब्ध झाले.

"सुखी राहा," पलंगाखालून आवाज आला. "पोचलीस की फोन कर. आणि दार ओढून घे, पण आपटू नको हं. सांधा हलतो."

मी दार हळूच लावून घेतलं.